ताट ठेवून गेलेली माणसं

माणसं घर सोडून जातात. माझ्या बाबतीत उलटं झालं. मी जागच्या जागी उभी होते आणि घरच मला सोडून चालायला लागलं.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, करमाळ्याकडची आमची वस्ती. तवा, परात, घोंगड्या, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, असं सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर चढलेलं. पुढे मेंढरं, त्यांच्या मागे आबा आणि काठी घेतलेला माझा थोरला भाऊ. आई सगळ्यांत शेवटी, कारण ती दर चार पावलांनी मागे वळून बघत होती. मी सहा वर्षांची, पारूकाकूंच्या ओसरीचा खांब धरून उभी. आबा जाताना एवढंच म्हणाले होते, "रडायचं न्हाय. आमी मेंढरामागं, तू अक्षरामागं." मी रडले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी असं भोकाड पसरलं की आमचं घोडं बिचकलं.

तुम्ही जे वस्तीवर राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्यात, चाकणला, कुठे कुठे पांगलात, तुम्हाला हे नव्याने सांगायची गरज नाही. पण आता बाहेरची माणसं आपल्या शाळेबद्दल बोलायला लागली आहेत. त्यांच्यासमोर हे एकदा ठणकावून सांगितलं पाहिजे.

आमची माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागे पश्चिमेला निघतात, ती मृगाच्या तोंडावर परततात. पोरंही बरोबर जायची. त्यामुळे वस्तीवरची दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा दिवाळीपर्यंत गजबजलेली आणि नंतर ओस. होटगीचे एक गुरुजी बदलून आले. रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, बोलायला मऊ, पण रागावले की तोंडातून कन्नड बाहेर पडायचं. सुट्टी संपवून ते परत आले तर वर्गात चारदोन पोरं. पुढच्या दिवाळीच्या आधीच ते घरोघर फिरले आणि आमच्या लोकांना म्हणाले, "मेंढरं तुमची, पोरं माझी."

पारूकाकू बारा महिने वस्तीवर राहणाऱ्या, शेतीवाल्या घरातल्या. त्या फटकन म्हणाल्या, "तुमची कशी वो गुरुजी? तुमाला भाकरी तरी थापता येती का? पोरं आमची."

तिथून ताट ठेवणं सुरू झालं. निघणाऱ्या आईने आपल्या पोराचं नाव कोरलेलं ताट राहणाऱ्या घरच्या मांडणीवर नेऊन ठेवायचं. एकदा ताट मांडणीवर चढलं की पोर त्या घरचं. भाकरीही त्या घरची आणि धपाटाही त्याच घरचा, त्यात आपपर नाही. जूनमध्ये आई ताट परत न्यायला यायची तेव्हा ते रिकामं द्यायचं नाही, निदान मूठभर शेंगाचटणी तरी त्यात पाहिजे. आणि मेंढरांनी दोन रात्री त्या घरच्या रानात बसायचं. रानाला लेंडीखत, पोराला शाळा. माझं शिक्षण लेंडीखतावर झालं आहे. हे मी ऑफिसात एकदा सांगितलं तेव्हा सगळे विनोद समजून हसले. मी हसले नाही.

शाळा सुटली तरी आमची शाळा सुटत नसे. ज्यांची ताटं ठेवलेली ती सगळी पोरं संध्याकाळी पुन्हा अंगणात जमायची. गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर गेरूने एक मोठा नकाशा काढला होता. त्यात आपला तालुका, भीमा नदी, पलीकडचं पुणे जिल्ह्यातलं रान, घाट. बाजारात कुणी व्यापारी, कुणी ट्रकवाला आमच्या माणसांची खबर आणायचा: अमक्याचा वाडा अमक्या गावाच्या शिवारात बसलाय. वाडा म्हणजे आमच्या लोकांचा मेंढरांसकट पडलेला मुक्काम. खबर आली की त्या पोराने उठून भिंतीवर ते गाव हुडकायचं आणि तिथे खडूने टिंब द्यायचं. मला नकाशा कळला तो आईला हुडकता हुडकता. चौथीत मला घाटांची नावं पाठ होती, कारण त्या घाटांतून आई चालत होती.

मला त्रास झाला का? झाला. ताप आला की पारूकाकूंचा हात कपाळावर असायचा आणि मी आईचा हात मागायचे. जूनमध्ये आई यायची तेव्हा मी काकूंचा पदर सोडत नसे आणि आई ओसरीवर बसून नुसती बघत राहायची. दोघींचंही काळीज मी कुरतडलं असणार. पण पुण्यात कुणी डोळे ओले करून "अगं बाई, एवढ्याशा पोरीला टाकून जायचे?" म्हणतं ना, तेव्हा माझं डोकं फिरतं. टाकून नाही, ठेवून. टाकलेल्या वस्तूसाठी कुणी घाट उतरून परत येत नाही.

पुढे कुर्डुवाडीला गाडीत बसून मीच निघाले तेव्हा पेटीत ते ताट होतं. पुण्यात एका बाईंच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून खोली मिळाली. पहिल्याच संध्याकाळी मी काय करावं? सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि माझं ताट त्यांच्या रॅकवर, त्यांच्या ताटांशेजारी उभं करून आले. आमच्यात कुणाच्या घरी राहायला गेलं तर आणखी काय करतात? सकाळी ताट माझ्या दाराबाहेर जमिनीवर होतं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुमची भांडी जरा वेगळी ठेवत चला हं." आडनाव त्यांनी आदल्या दिवशीच विचारून घेतलं होतं. मी महिना भरताच खोली सोडली. नंतर नोकरी लागली, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, कर्जावर फ्लॅट झाला आणि त्यात मी सगळ्यात आधी मांडणी ठोकून घेतली. मॉड्युलर किचनवाल्याने नाक मुरडलं. मुरडू दे.

आबा गेले, मेंढरं विकली, आणि आईला मी पुण्याला आणलं. तिचे गुडघे गेलेले. लिफ्टला ती "पेटी" म्हणायची आणि पेटीत एकटी शिरायची नाही. दिवसभर बाल्कनीत बसून खाली कुणी ओळखीचं दिसतंय का बघायची.

गेल्या दिवाळीच्या आधी शाळेतल्या बाईंचा फोन आला. गुरुजी केव्हाच निवृत्त झाले, पण या बाईही त्यांच्याच वळणाच्या. म्हणाल्या, पारूकाकू लेकाकडे सोलापूरला गेल्या, ताट ठेवून घेणारी घरं उरली नाहीत. यंदा सात पोरांचे आईबाप मेंढरं घेऊन निघणार. तीही गेली तर पट इतका खाली येईल की शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत विलीन करतील. ती परत येतील तेव्हा दाराला कुलूप असेल. फोन स्पीकरवर होता. आई शेंगा सोलत होती.

सकाळी उठून बघते तर तिने लुगड्यांचं गाठोडं बांधलेलं.

"वस्तीवरल्या आपल्या घराची किल्ली कुटं ठेवलीस?"

"कशाला?"

"माजं पोर लोकांनी संबाळलं की. आता लोकांची पोरं कुणी संबाळायची?"

मी गुडघ्यांची आठवण करून दिली. म्हणाली, "पोरं आणतील की पाणी. भाकरी काय गुडग्यानं थापायची हाय व्हय?"

चाकणहून भाऊ फोनवर कडाडला. म्हातारीला एकटीला तिथं टाकलं तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाला. मग आवाज उतरवून, "माजं ताट कुणी ठिवलं न्हवतं." खरं होतं. ताट ठेवणं सुरू झालं तेव्हा त्याचं वय काठी धरायचं झालं होतं, तो शाळेत गेलाच नाही. पण शनिवारी पहाटे खाली हॉर्न वाजला, तर मालकाचा टेम्पो मागून घेऊन तोच आला होता. आईला पुढे बसवलं, मला मागे गाठोड्यांत.

वस्तीवर पोचलो त्याच दिवशी शाळेच्या अंगणात बैठक होती. शिक्षण खात्याचे एक साहेब समजावत होते: पलीकडची शाळा मोठी, संगणक आहे, बस लावून देऊ, अशा दोन खोल्यांत गुणवत्ता कुठून येणार? ते वाईट बोलत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं, हेच जास्त झोंबलं. मी उठले. म्हटलं, "साहेब, गुणवत्ता बघायचीय ना? मी उभी आहे, बघून घ्या. तुमची बस पोरं नेईल आणि आणील. पण दिवाळीनंतर त्यांना संध्याकाळी भाकरी कोण घालणार, ते कुठल्या नियमात बसतं?" ते म्हणाले, पट टिकला तर पाहू. आई मागून म्हणाली, "बगा की मग. लई बगा."

दिवाळी आम्ही तिघांनी तिथेच केली. भाऊबीजेनंतर वस्ती निघाली. सात आया आमच्या ओसरीवर आल्या. एकेकीने ताट आईच्या हातात दिलं, आईने पदराने पुसून मांडणीवर लावलं. एका पोरीने खांब धरून भोकाड पसरलं. आईने तिला उगी केलं नाही. म्हणाली, "रड. आवाज लांबवर गेला पायजे, तुज्या आयला परतीची वाट घावंल."

दुपारी भाऊ आणि मी पुण्याला निघालो. माझं ताट मी बरोबर आणलं होतं, त्याच पेटीत. ते काढून आईसमोर धरलं. तिने तेही पदराने पुसलं. लहानपणी दिवाळीनंतर माझं ताट कायम दुसऱ्याच्या मांडणीवर असायचं. आज पहिल्यांदा ते आईच्या मांडणीवर चढलं. भाऊ उंबऱ्यात उभा होता. आईने त्याच्याकडे न बघता ट्रंकेतून एक जुनं, पोचे पडलेलं जरमनचं ताट काढलं आणि माझ्या ताटाला लावून ठेवलं. "ह्ये तुजं," म्हणाली. टेम्पो सुरू व्हायला त्या दिवशी जरा वेळ लागला.

मला आता कुणी गाव विचारलं तर मी गावाचं नाव सांगते. घर विचारलं तर सांगते, जिथे माझं ताट आहे ते. फ्लॅटमध्ये मी हल्ली प्लेटमध्ये जेवते, चालतं. शाळा अजून सुरू आहे. भिंतीवरच्या नकाशाला यंदा नवा गेरू दिला आहे आणि त्यावर सात टिंबं सरकत आहेत. पोरांनी आपण होऊन पुण्यालाही एक टिंब दिलंय, ते माझं. चाकणलाही एक आहे, ते भावाचं.

शाळेला कुलूप लावायला कुणी येणार असेल तर जरूर यावं. फक्त आधी आमच्या ओसरीवर यावं, आणि आईच्या देखत मांडणीवरची ताटं एकेक करून खाली उतरवून दाखवावीत.