जावाची भुतं आणि नागपूरचा कावळा

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या लायब्ररीत मी पुस्तकं वाचायला जात नाही, एसीची हवा खायला जातो. जून ते सप्टेंबर इथं बाहेर उभं राहवत नाही आणि शनिवारी घराच्या भिंतींकडे माणूस बघणार तरी किती वेळ? मी नागपूरचा आहे, ऊन मला नवं नाही. पण नागपूरच्या उन्हात माणसं असतात. डोक्याला दुपट्टा गुंडाळून का होईना, उसाच्या रसाच्या गाडीपाशी कुणीतरी उभं असतं. इथं दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळे गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून दुसऱ्या एसीत.

अशाच एका शनिवारी मी बसलो त्या टेबलावर कुणीतरी एक पुस्तक टाकून गेलं होतं. एका इंडोनेशियन लेखिकेच्या भुतांच्या गोष्टी, इंग्रजीत आणलेल्या. मी सेमीकंडक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मशीन नेमकं कुठं चुकतंय ते शोधणं हेच माझं काम, त्यामुळे भुतांच्याही मी चुकाच काढत बसलो. पहिल्या गोष्टीतलं भूत कफनात बांधलेलं, पाय मोकळे नाहीत म्हणून उड्या मारत येतं. मग ते माडीवर कसं पोचलं? दुसरीत विहिरीतली बाई रोज शेजारणीकडे मीठ मागायला येते. विहिरीत मीठ घेऊन ती करणार काय? मला हसू आलं, तरी पुस्तक घरी घेऊन आलो.

खरं सांगायचं तर मला भीती अशी वाटलीच नाही. हेवा वाटला. त्या गोष्टींमधली घरं माणसांनी भरलेली होती. भूत दिसलं की धावत यायला शेजारी होते, मंत्र म्हणायला गल्लीतला म्हातारा होता, घाबरलेल्या बाईला पाणी द्यायला जाऊ होती. मी इथं ओरडलो तर वरच्या मजल्यावरचा माणूस फार तर बिल्डिंगच्या लीजिंग ऑफिसला ईमेल टाकेल.

आठवडाभर लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून मी ते पुस्तक वाचलं. कॅफेटेरियात आमची देसी मंडळी एका टेबलावर जमतात, पण त्यांचे विषय दोनच, ग्रीन कार्ड आणि मुलांचे क्लास. मला पहिलं मिळालेलं नाही आणि मुलं व्हायच्या आत घटस्फोट झाला. तेव्हा गाडी बरी.

शुक्रवारी मी जी गोष्ट वाचली तिनं मात्र माझी बोलती बंद केली. जावामधल्या एका गावात एक मुलगा आईच्या कबरीपाशी शब्द देतो, की मी घर सोडणार नाही. वर्षभरात तो शहरात निघून जातो. मग एका दुपारी आई त्याच्या शहरातल्या खोलीत येते. ती ओरडत नाही, गळा धरत नाही. बाहेर जायची साडी नेसावी तसे चांगले कपडे घालून, मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसून राहते. रोज येते आणि संध्याकाळ झाली की निघून जाते. मुलगा आवरून केव्हा निघतो याची ती वाट बघत असते, बस्स. मी पुस्तक मिटलं आणि गाडीतच रडलो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये रडायची माझी ही पहिलीच वेळ नव्हती, पण कारण पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं.

कारण तसाच शब्द मीही दिला होता. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकलेले होते. गेलो असतो तर परत येता आलं नसतं. मी गेलो नाही. कुणी अडवलं नव्हतं, मीच ठरवलं. दहाव्याला धाकट्या भावानं घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. पिंड ठेवले होते, कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. मामा म्हणाले, घर सांभाळू. मावशी म्हणाली, सगळे सण करू. काही उपयोग नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात भावानं फोन पिंडांसमोर धरला आणि म्हणाला, दादा, तू बोल. मी इथं स्वयंपाकघरात उभा राहून हात जोडून म्हणालो, आई, मी कायमचा परत येतो. स्क्रीन मध्येच अडकली. पुन्हा हलली तेव्हा कावळा पिंडावर होता. तिकडे एकच गलका झाला आणि कॉल कट झाला.

त्यानंतर कागद सुटले, आणि मी नागपूरला गेलो नाही, व्हिसा वाढवून घेतला. भावानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत गेलो. त्याला वाटत असणार की दादानं आईला फसवलं. मग मी फोन टाळायला लागलो. आधी आठवड्यानं करायचो, मग महिन्यानं, पुढे दिवाळीला आणि त्याच्या वाढदिवसाला. जगात माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं आणि त्यालाच मी चुकवत होतो.

गोष्ट वाचल्यावर दोन दिवस डायनिंग टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीकडे मी सारखा बघत राहिलो. त्या खुर्चीवर आजवर कुणी बसलेलं नाही. आई तिथं पिशवी घेऊन बसलेली दिसली असती तर मला आनंदच झाला असता. दिसली नाही. रविवारी सकाळी मी नागपूरला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं उरकली होती.

"दादा, काय झालं? तब्येत बरी आहे नं?" दिवाळी नाही, वाढदिवस नाही आणि मी फोन केला म्हणून तो घाबरलाच.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आईला शब्द दिला, कावळा त्यावर शिवला आणि मी तो शब्द मोडला. तू मनात राग धरून असशील तर एकदा मोकळेपणानं शिव्या दे, असंही म्हणालो.

मग त्यानं विचारलं, कुठला शब्द? माझा आवाज म्हणे त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माझा चेहरा स्क्रीनवर तसाच अडकून राहिला, म्हणून त्यानं फोन पिंडांकडे तोंड करून बाजूला टेकवून ठेवला होता. मशीन कुठं चुकतंय ते रोज शोधणारा मी, पण स्क्रीन अडकली तेव्हा आवाजही अडकला असेल हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

"मग कावळा कशावर शिवला?" मी विचारलं.

"मी बोललो होतो. तिला शेवटपर्यंत तुझीच काळजी होती नं. मी म्हटलं, आई, दादाची चिंता करू नको, तो तिकडे एकटा नाही, त्याला खूप माणसं आहेत. लगेच उतरला बघ."

माझी नजर पुन्हा त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"खोटं नाही नं बोललो मी?" त्यानं विचारलं.

"नाही रे," मी म्हणालो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून हा फोन लावेपर्यंत मी कुणाशी एक शब्दही बोललो नव्हतो.