दोन टोळ्यांची रापण

मालवण बंदरावरचा तो कोयत्याचा वार मी अजून विसरलेलो नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे फौजदार होतो.

शहरात तरुणांच्या दोन टोळ्या होत्या, एक बंदरावरची आणि एक बाजारपेठेतली. बहुतेक जण मुंबईत काम न मिळाल्याने परतलेले. आधी नुसत्या हाणामाऱ्या चालत. मग एका संध्याकाळी बाजारातल्या एकाने बंदरावरच्या तरुणाच्या हातावर कोयता घातला. हात वाचला, बोटे कायमची निकामी झाली. पंचनामा करून आरोपीला अटक केली. पण लगेच एका चहावाल्याने खबर दिली, "सायबानू, बंदरावरच्यांनी कोयते जमवलेत. येत्या जत्रेत बदलो घेवक बगतत."

त्यांच्या म्होरक्याला ठाण्यात आणले. खूप विचारले, दमही भरला. उत्तर एकच, "माका कायेक म्हायत नाय." दोस्तासाठी तोंड मिटलेला पोरगा दमाला भीक घालत नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

तेवढ्यात जखमी तरुणाची आई आली. मासे विकणारी विधवा. नवऱ्यामागे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे मोठे जाळे, तीच चालवायची. मला न विचारताच ती म्होरक्यासमोर बसली.

"माज्या झिलाचो हात गेलो. आता दुसऱ्या आवशीचो झील कापून माका काय गावतला रे?"

तो रडायलाच लागला. "काकी, होडयेखाली वाळूत पुरलेत."

आम्ही कोयते जप्त केले. मला वाटले, काम झाले. तिला तसे वाटले नाही. ती बाजारपेठेत घरोघर गेली, तिथल्या पोरांना म्हणाली, "रापणीक माणसा कमी आसत. येवा." काही दारांतून तिला शिव्या मिळाल्या. तरी ती पुन्हा गेली. शेवटी चार-पाच जण आले, मग आणखी, आणि बंदरावरच्या पोरांच्या जोडीने जाळ्याला हात लावू लागले. सुरुवातीला मी दोन शिपाई किनाऱ्यावर ठेवले होते. पुढे तेही गंमत म्हणून दोर ओढू लागले! त्या जत्रेत बंदोबस्ताला काही कामच उरले नाही.

आरोपीला शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो किनाऱ्यावर लांब उभा होता. मी तेव्हा तिथेच होतो. ती ओरडली, "उबो कित्याक रे? धर दोर!" अधू हाताचा तिचा मुलगा क्षणभर थांबला, मग बाजूला सरकून त्याने दोरावर त्याच्यासाठी जागा केली.

गुन्हेगार पकडणे मला प्रशिक्षणात शिकवले होते. पकडलेल्या माणसाला पुन्हा माणसांत घ्यायचे कसे, ते मी त्या बाईकडून शिकलो.