राजपुत्राची चिता

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. साताऱ्याला बी.ए.ला असताना एक जुनं शोकांत नाटक आम्हाला अभ्यासाला होतं. त्याच नाटकावर सिनेमा काढायला मुंबईची मंडळी आमच्या गावच्या नदीकाठी आली, तेव्हा सरांनी मला संवादांच्या प्रती काढायला त्यांच्याकडे पाठवलं.

नाटकात राजपुत्र लढाईत मरतो, पण रंगमंचावर नाही. दूत येतो आणि राणीला सांगतो, एवढंच. त्या सांगण्यातच सगळं आहे असं सर म्हणतात, असं मी भीत भीत दिग्दर्शकांना बोललो.

"पडद्यावर सांगून भागत नाही," ते म्हणाले. "दाखवावं लागतं."

त्यांनी राणीला चितेपाशी उभं करायचं ठरवलं, आणि तिच्या मागे गावातल्या बायकांना. बायका घाटापर्यंत आल्या, पण रचलेली लाकडं दिसताच थबकल्या.

"आवं सायेब, आमच्यात बायका मसणात येत न्हाईत. तुमच्या राणीला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"राणी हाय ती. तिला सासू नसंल," दुसरी म्हणाली. हसत हसत सगळ्या माघारी वळल्या. एकटी माझी आई पुढे आली.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. लढाईत पडला, तिकडेच त्याला अग्नी दिला. घरी तार आली, मग त्याच्या सामानाची काळी पेटी. ती पेटी आईने कुणाला उघडू दिली नव्हती.

"आये, नको. खोटं मढं हाय ते. आत पेंढा भरलाय."

"ठावं हाय. माझ्या लेकाचं मला निस्तं सांगितलं रं. एकदा बगू दे."

चिता पेटली. राणी मोठ्याने रडली. आई नुसती बघत होती. तेवढ्यात "कट" झालं. राणीचा पदर चुकला होता म्हणे. दोघे जण बादल्या घेऊन धावले आणि त्यांनी पाणी ओतलं.

"आवं, इझवू नका!" आई ओरडली. "अर्धा जळालाय त्यो. असं अर्ध्यात सोडत न्हाईत."

कुणीतरी हसलं. दिग्दर्शकांनी मला विचारलं, "काय म्हणतात त्या?" मी आईला धरायला धावलो.

लाकडं भिजली होती, उजेडही गेला होता. मंडळी सामान आवरून निघून गेली. पुढे सांगलीला मी तो सिनेमा पाहिला. राजपुत्राचं मरण दूताच्या तोंडीच ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी आई मात्र घाटावरून उठेना. तिने मला उसाचं पाचट आणायला लावलं. आम्ही दोघांनी ते घालून उरलेलं पेटवलं, आणि पेंढा पुरता जळेपर्यंत ती हलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुधाचा तांब्या घेऊन घाटाकडे निघाली. राख सावडायला घरचा पुरुष लागतो, म्हणून मीही गेलो. त्या राखेत शोधण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी बोटांनी चाळत राहिलो, आणि आई विचारत राहिली, "घावलं का रं काय?"