पगारे भाऊंचे मिशीवाले गळ

पगारे भाऊंच्या मनीषाचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. "बाई, पप्पा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहाला उठवायला गेले तर..." फोन ठेवला आणि कोथिंबीर तशीच टाकून मी पहिलं काय केलं असेल, तर टेबलाचा खण उघडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली एक पुडी होती. भाऊंनी तीन आठवड्यांपूर्वी ती स्वतः आणून दिली होती आणि मी ती उघडली नव्हती. पुडी बघितली आणि खण पुन्हा लावून घेतला.

यशवंत पगारे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. आमचे हे तिथेच कारकून. कॉलनीत आमची दारं समोरासमोर होती. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळ्या कॉलनीची मी बाई. ते मला बाई म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ. चांदवडकडच्या कोरड्या गावात वाढलेल्या या माणसाला पाण्याचं एवढं वेड कुठून लागलं, ते त्यांच्या बायकोला, शोभाताईंना, शेवटपर्यंत कळलं नाही. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की सायकलला काठी बांधून भाऊ निघाले बंधाऱ्यावर. पौर्णिमेला मात्र ते गळ टाकायचे नाहीत. "महिन्यातून एक दिवस माशांना सुट्टी," शोभाताई म्हणायच्या, "आणि ते साफ करणारीलाही."

बंधाऱ्याच्या अलीकडे गोदावरी उन्हाळ्यात पाणवेलींनी अशी भरते की खाली पाणी आहे हे सांगावं लागतं. मरळ नेमकी त्या हिरव्या छपराखाली बसते आणि तिथे गळ टाकला की माशाआधी वेल अडकते. भाऊंचे दर रविवारी पाच-सहा गळ तुटायचे. शेवटी त्यांनी फिटरचं डोकं चालवलं. ॲल्युमिनियमच्या दोन जाड तुकड्यांत माशाच्या डोक्याचा अर्धा-अर्धा आकार कोरून त्यांनी साचा केला. गॅरेजमधून गाड्यांच्या चाकांचा तोल साधायला लावतात ते शिशाचे जुने तुकडे आणायचे आणि अंगणाच्या कडेला शेगडीवर लोखंडी पळीत वितळवायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडाला रुमाल, पायात प्लांटचे बूट, आणि आम्हा सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायची ताकीद. साचा आधी तापवून खडखडीत वाळवायचा, कारण पाण्याचा थेंब राहिला तर शिसं उसळून तोंडावर येतं. साच्यात गळ ठेवायचा, वरून शिसं ओतायचं, थोड्या वेळानं साचा उघडायचा की गळाला चकचकीत डोकं आलेलं. त्या डोक्यात एक बारीक छिद्र राखलेलं असे. त्यात नायलॉनच्या ब्रशचे ताठ केस पाण्यात न सुटणाऱ्या चिकटवणीनं रोवायचे, गळाच्या टोकावर तिरके येतील असे. वेल केसांवरून घसरून जाते; माशानं तोंड मारलं की केस दबतात आणि गळ लागतो. असल्या गळाला जिग म्हणतात असं मनीषानं पुढे कधीतरी मोबाइलवर दाखवलं. भाऊंच्या लेखी तो मिशीवाला गळ. स्वतः ते रोज सकाळी गुळगुळीत दाढी-मिशी उतरवणारे, त्यामुळे कॉलनीत त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची.

मी यात सापडले ती रंगामुळे. भाऊंनी पहिले गळ रंगवले ते प्लांटमध्ये यंत्रांना फासतात त्या करड्या रंगानं. मोठ्या कौतुकानं दाखवायला आले. मी म्हटलं, "भाऊ, हा मासा आहे की नटबोल्ट?" ते खो खो हसले आणि सगळे माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी शाळेतून आल्यावर एकेक रंगवला... पाठ हिरवी, पोट पिवळं, कल्ल्याजवळ शेंदरी फटकारा. शेवटी पिवळ्या ठिपक्यात काळा ठिपका देऊन डोळा. भाऊंनी डोळ्याला हरकत घेतली. "मरळ काय डोळे बघती का, बाई?" मी म्हटलं, बिनडोळ्यांचा मासा मला रंगवता यायचा नाही, पाहिजे तर तो करडाच न्या. पुढच्या रविवारी दुपारी ते थेट माझ्या दारात. हातात तळलेल्या मरळीची झाकलेली ताटली. "बघती," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून हे आमचं ठरूनच गेलं. ते ओतायचे, मी रंगवायचे. ते रिटायर झाले, आमचे हे गेले, मी जेल रोडला फ्लॅटमध्ये राहायला आले आणि पगारे मंडळींनी पलीकडच्या गल्लीत घर बांधलं, तरी महिन्या-दोन महिन्यांनी वर्तमानपत्राची पुडी येत राहिली. मी नामपूरची. आमच्याकडची अहिराणी त्यांना येत नव्हती, पण जिना चढताना "काय शे बाई" म्हणजे 'काय आहे, बाई' एवढं खालूनच ओरडायचे आणि ते कायम चुकीच्या सुरात. मासे पकडायला मात्र मी एकदाच गेले. हे गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, घरात बसून बसून आंबले होते तेव्हा शोभाताईंनी मला बळेच काढलं. त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. भाऊंनी मी रंगवलेला गळ काढला, सदऱ्याच्या कॉलरमागे टोचलेली सुई घेतली आणि गळाच्या डोक्यावरचं, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओवायचं भोक टोकरायला लागले. भोकात माझा रंग वाळून बसला होता. म्हटलं, "दरवेळी करावं लागतं हे?" म्हणाले, "नाय ओ, एखाद्या वेळेस." पण त्या सुईवर हिरवे, पिवळे, शेंदरी थर इतके चढले होते की ती दाभणासारखी जाड झाली होती. एवढी वर्षं मी प्रत्येक गळाचं भोक बुजवत होते आणि ते प्रत्येक भोक उघडत होते. मला राग आला, खरं सांगते. सांगायला काय झालं होतं? तर म्हणाले, "तुम्ही एवढं मन लावून रंगवता, त्यात भोकाचं कुठं काढायचं?" त्यानंतर रंगवायच्या आधी मी भोकात आगपेटीची तासलेली काडी घालू लागले. त्यांनी ते पाहिलं, पण त्यावरही काही बोलले नाहीत.

दीड वर्षापूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळी घ्या, जमेल तेवढं करत राहा. मी लेकीला सोडून कुणाला सांगितलं नाही. वर्गातल्या मुलांच्या हाताला धरून रेघ कशी ओढायची ते शिकवलेली बाई मी. माझीच रेघ वाकडी होते हे कुणाला कशाला सांगू? पाठ आणि पोट कसंबसं रंगायचं, पण डोळा जमेना. ठिपका द्यायला जावं तर ब्रश कल्ल्यापर्यंत ओरखडा काढायचा. मग मी थापा मारायला लागले. आज पाहुणे आहेत, उद्या दिवाळीची आवराआवर आहे, परवा मोतीबिंदूचं दाखवायचंय. भाऊ कधी खोदून विचारायचे नाहीत. "घाई नाय," म्हणायचे आणि बिनरंगाचे गळ घेऊन बंधाऱ्यावर जायचे. हळूहळू पुड्या यायच्या बंद झाल्या. मला आत कुठेतरी लागायचं, की भाऊ समजत असतील बाईंना आता आपला कंटाळा आला. मी एक वाक्य बोलले असते तर सगळा उलगडा झाला असता. ते वाक्य मी दीड वर्ष गिळून बसले.

मग तीन आठवड्यांपूर्वी ते अचानक आले. त्यांना धाप लागत होती, पण खालून "काय शे बाई" चुकलं नाही. मी चहा टाकला. तो कपात ओतते तोच भाऊ उठून आत आले आणि दोन्ही कप स्वतः उचलून बाहेर घेऊन गेले. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. मला वाटलं, घाईत असतील. चहा पिऊन त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, की भाऊ, या महिन्यात काही जमायचं नाही... त्यांनी बोलू दिलं नाही. "नाय जमलं तर नाय. पण ह्या खेपेला नुसतं उघडून तरी बघा." मी हो म्हटलं. ते जिना उतरेपर्यंत पुडी खणात गेली होती. न रंगवलेले गळ बघायची माझी हिंमत नव्हती.

भाऊंच्या जलदान विधीच्या दिवशी विहारातून त्यांच्या घरी आल्यावर शोभाताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, ते गळ उघडले का हो तुम्ही?" मी खाली बघितलं. "रोज विचारायचे मला, बाईंचा फोन आला का म्हणून. पंधरा-वीस दिवस साचा घेऊन बसले होते. जुना साचा चांगला होता की ओ, पण ऐकतील तर ना. दोनदा बिघडवला. मी म्हटलं, आता कशाला ही उसाभर, तर म्हणले, लय महत्त्वाचं काम हाय." चप्पल घालून मी तडक घरी आले.

दोऱ्याची गाठ मला सुटेना, कात्रीनं कापली. आत बारा गळ. मिशा रोवलेल्या, कडा कानशीनं साफ केलेल्या. एक हातात घेतला आणि अंगठ्याला काहीतरी लागलं. जिथे मी डोळा काढायचे, बरोब्बर तिथे, दोन्ही अंगांना, एकेक गोल खळगा होता. मसुराएवढा. साच्याच्या आत दोन्हीकडे सायकलचे बारीक छर्रे बसवले की ओतलेल्या शिशाला असा खळगा पडतो, हे मला नंतर त्यांचा साचा पाहिल्यावर समजलं. पण तो कशासाठी आहे हे तेव्हाच समजलं. मी पिवळ्या रंगाची बाटली उघडली. ब्रशच्या मागच्या टोकानं एक थेंब उचलला आणि थरथरत्या हातानं खळग्यावर सोडला. थेंब कडेला पडला, घसरून आत गेला, गोल पसरला आणि काठाशी येऊन आपोआप थांबला. डोळा झाला. मी तिथेच बसून रडले. त्यांना सगळं माहीत होतं. चहाच्या कपाचंही तेच होतं. मी लपवतेय हे दिसल्यावर त्यांनी मला तसं लपवूही दिलं आणि तिकडे आपला साचा बदलून घेतला. आणि मी साधी पुडी उघडून बघितली नाही. त्यांना फोन करून एवढंच सांगायचं होतं, की भाऊ, बघितलं... तीन आठवडे होते माझ्याकडे.

बाराही गळ रंगवून झाले. पाठीचा हिरवा रंग कुठे कुठे पोटावर उतरलाय, शेंदरी फटकारे वाकडे आहेत, पण चोवीसच्या चोवीस डोळे गोल आहेत. खिडकीच्या गजाला दोरी बांधून वाळत घातलेत. सहा शोभाताईंना देणार आहे, मनीषाचा नवरा जातो कधीमधी बंधाऱ्यावर. अकरा गळांच्या भोकांत मी आठवणीनं काडी घातली. बाराव्यात घातली नाही. त्याचं भोक रंगानं पार बुजलंय आणि तो मी कुणाला देणार नाही. तेवढं एक काम भाऊंकडे राहू दे.