चारशे बारा स्थळं आणि एक मुका डबा

"मेलं का जित्तं हाये, तेवढं सांग! बाकीचं शिकवू नको मले!"

काका इतक्या जोरात ओरडले की गोदामातल्या संत्र्यांच्या दोन पेट्या आपोआप उसवल्या. हे मी आजवर चार गावांत सांगितलं आणि चारही गावांत लोकांनी मानलं, त्यामुळे आता मलाही ते खरंच वाटतं.

काका म्हणजे पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी, आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे अध्यक्ष आणि माझे मालक. नात्यानं माझे कोणी नव्हते. पण त्यांना सगळं गाव काका म्हणे, त्यांचे वडीलसुद्धा.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली मी, गावातली एकुलती एक कम्प्युटरवाली. आणि काका ज्याच्या जिवाची चौकशी करून राहिले होते, तो होता हार्ड डिस्कचा डबा. कम्प्युटर नागपूरच्या एका इंजिनियरकडून जुना घेतलेला. त्याच्या पोटात जागाच नव्हती, म्हणून त्याची आठवण बाहेर, वेगळ्या लोखंडी डब्यात ठेवली होती. आकारानं पापडाच्या डब्याएवढा, वजनानं पाट्या-वरवंट्याएवढा. त्याची वायर वेगळी, बटण वेगळं, लाल दिवा वेगळा. बटण दाबलं की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा घरघरायचा. त्या सोमवारी मी बटण दाबलं, दिवा लागला, पण घरघर नाही. आतून नुसतं एक 'टुक'. मग बराच वेळ विचार केल्यासारखं थांबून पुन्हा 'टुक'.

त्या डब्यात चारशे बारा स्थळं होती. चार महिने बसून मी एकेक फॉर्म टाईप केला होता: उंची, वर्ण, शिक्षण, मामाचं गाव. मेळावा पुढच्या रविवारी. आणि कागदाचे फॉर्म? ते काकांनी संत्र्याच्या पेट्यांत खाली अंथरून दिल्लीला पाठवले होते. "कम्प्युटरात गेलं न समदं, मंग कागद कायले पायजे?" समाजाची चारशे बारा लग्नाळू पोरं-पोरी तेव्हा दिल्लीच्या बाजारात संत्र्याखाली पडली होती. फ्लॉपीवर एक कॉपी घेऊ म्हटलं होतं मी. तर काका म्हणाले, "एवढा मोठा डब्बा घेतला, आता चिल्लर कायले?"

माझी अडचण याहून खासगी होती. बाबांनी बजावलं होतं, "ही कम्प्युटरची नोकरी मेळाव्यापर्यंत टिकली तर तुझं तू पाहा. नाही टिकली, तर चारशे तेरावा फॉर्म तुझा." फॉर्म आणूनसुद्धा ठेवला होता, कपाटावर, पेनासकट. (तो अजून माझ्याकडे आहे. कोराच.)

तर मेलं का जित्तं. मी वायर बदलली, भिंतीवरचा विजेचा बोर्ड बदलला, बोर्डात टेबलफॅन लावून पाहिला, फॅन फिरला. काकांना हा पोरखेळ वाटला. त्यांनी डबा उचलून तोलला, बोटानं टिचक्या मारल्या, वायर निघते तिथे नाक लावून हुंगला आणि निकाल दिला, "देठाकडून सुकलं हाये."

मग समोरच्या दवाखान्यातून गुरांचे डॉक्टर आले. माणसांच्या डॉक्टरांनी यायला नकार दिला होता. यांनी कानांत नळ्या घातल्या, डबा पालथा केला, पोट शोधलं आणि पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं.

"ठोका हाये," ते म्हणाले. "पण रवंथ बंद."

खोटं नाही सांगत, पुढे नागपुरात मोठमोठे जाणकार पाहिले, पण इतकं नेमकं निदान पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

शेवटी ट्रंक कॉल लावला. इंजिनियर म्हणाला, "दुसऱ्या कम्प्युटरला जोडून पाहा. तिथे चालला तर तुमचा कम्प्युटर बिघडलाय. नाही चालला तर डबा."

पंचक्रोशीत दुसरा कम्प्युटर होता सौंसरला, कापसाच्या एका जिनिंगमध्ये. मंगळवारी सकाळी काका, मी आणि शालीत गुंडाळलेला डबा बसनं निघालो. कंडक्टरनं विचारलं, "तिसरं तिकीट?" काका म्हणाले, "दूध पिते अजून."

जिनिंगच्या मुनीमजींनी आम्हाला दारातच अडवलं. कम्प्युटरला रोग लागतो आणि एकाचा दुसऱ्याला होतो, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं.

"याले काय झालं?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"तेच तं पाहाले आलो," मी म्हटलं.

"म्हणजे तुमालेच माहीत नाही! अन् माह्या धडधाकट कम्प्युटरले लावता? बाई, आधी याले बरा करा, मंग तपासाले आणा." काकांच्या हाताला कपाशीचा भुगा लागला तर तोसुद्धा मुनीमजींनी तिथेच झटकून घेतला.

फाटकाबाहेर काकांनी डब्याभोवती शाल पुन्हा नीट गुंडाळली. मग म्हणाले, "आता सौंसरपर्यंत आलोच हाओत, तं जामसांवलीचा निजलेला मारुती कोणता दूर हाये?"

"काका, ते आजारी माणसांसाठी."

"अवं, थे देव स्वतः आडवे हायेत. निजलेल्याचं दुःख त्यायले नाही समजत तं कोणाले समजते?"

जामसांवलीच्या रांगेत आमच्या पुढे एक म्हातारी होती. तिनं शालीकडे पाहिलं. "कोणाले आणलं वं पोरी?"

काकांनी शाल बाजूला केली. म्हातारी दचकली नाही. "कवापासून बोलत नाही?"

"कालपासून," काका म्हणाले.

"मंग कायले घाबरता? माहा मोठा दीर सहा महिने नाही बोलला. आता चूप बस म्हणा लागते."

काकांनी डबा देवापुढे टेकवला, नारळ फोडला आणि चारशे बारा जणांच्या वतीनं डोकं टेकलं. मी पण टेकलं, चारशे तेराव्याच्या वतीनं.

परतीच्या बसमध्ये फक्त मागची सीट रिकामी होती. या रस्त्यावर मागच्या सीटवर बसलेला माणूस सौंसरला चढतो तेव्हा साडेपाच फूट असतो, पांढुर्ण्याला उतरतो तेव्हा सव्वापाच. एका नाल्याच्या उतारावर बसनं अशी उसळी घेतली की डबा माझ्या मांडीवरून उठला, हवेत गर्रकन अर्धी फिरकी घेऊन काकांच्या मांडीवर आदळला. काकांच्या तोंडून जे निघालं ते नुकतंच देवदर्शन झालेल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

ऑफिसात येऊन मी वायरी जोडल्या. बटण दाबलं. टुक. आणि मग गिरणी सुरू झाली! पडद्यावर चारशे बारा जण उंची-वर्णासकट रांगेत उभे राहिले. काकांनी जामसांवलीच्या दिशेनं हात जोडले, गुरांचे डॉक्टर धावत येऊन "रवंथ लागला, रवंथ लागला" म्हणून नाचले, आणि मी कोपऱ्यातल्या फोनकडे पळाले.

"साहेब, सुरू झाला!"

"काय केलं?"

मी सगळं सांगितलं. शाल, नारळ, म्हातारी, मागची सीट. तो हसला नाही.

"आतली चकती चिकटली असेल. हिसक्यानं सुटली. आता नीट ऐका. काही झालं तरी तो बंद करू नका. थांबला की पुन्हा चिकटेल. आधी सगळी यादी छापून घ्या."

"हो साहेब," म्हणून मी वळले. खोली फार शांत वाटली. डब्यावर कुंकू लागलं होतं, पुढे उदबत्ती होती, आणि काका बटणावरून प्रेमानं हात फिरवत होते.

"काका! बंद कायले केलं?"

"आराम नको का त्याले? एवढ्या दुरून आला बिचारा."

मी बटण दाबलं. टुक. पुन्हा दाबलं. टुक. रिसीव्हर अजून हातातच होता.

"साहेब," मी म्हटलं, "बंद झाला."



"मग पुन्हा न्या," इंजिनियर म्हणाला. "मागचीच सीट मागा."