दही-साखर खाण्यात धरत नाहीत

रक्त द्यायचं म्हटलं की माझं घोडं कायम कुठे तरी पेंड खातं.

आमच्या थोरल्याच्या वेळी बायको बाळंतपणात अडली. दवाखान्यात तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, त्याही परक्या माणसांच्या. मी बाही वर करून उभाच होतो, "माझं घ्या, पाहिजे तेवढं घ्या" म्हणत. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्हालाच कुणी तरी द्यायला पाहिजे." काडीपैलवान होतो तेव्हा. बायको वाचली, पोरगा वाचला, पण ती दोन माणसं कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून मनात एकच होतं, आपणही एकदा कुणासाठी तरी रक्त द्यायचं.

मग काय, सोमाटण्यात, तळेगावात, कंपनीत, जिथे रक्तदानाचा मांडव दिसेल तिथे मी हजर. कधी वजन कमी, कधी कावीळ नुकतीच होऊन गेलेली, कधी ब्लड प्रेशर वर. एकदा सगळं जमून आलं, तर आदल्याच दिवशी दाढ काढलेली! नर्सबाई गोड बोलून बिस्किटाचा पुडा हातात ठेवायच्या आणि मला वाटेला लावायच्या. पासष्टी उलटली आणि तेही दार बंद झालं. म्हाताऱ्याचं रक्त कुणालाच नको म्हणजे काय? मला असा संताप यायचा म्हणून सांगू.

गेल्या हिवाळ्यात शेजारची सून बातमी घेऊन आली. लोणावळ्यात काही डॉक्टर मंडळी संशोधन करत होती, वय वाढतं तसं रक्तात काय बदलतं यावर. आणि त्यांना सत्तरीच्या वरचीच माणसं हवी होती. मी जागच्या जागी उडालो. फोन लावला. पलीकडून एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, रात्री जेवलात की मग फक्त पाणी. सकाळी चहासुद्धा नको."

"चहाचं नावही घेत नाही," मी म्हटलं, आणि घेतलंही नाही.

सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, चपला घातल्या. उंबऱ्यात बायको आडवी आली. "थांबा, एवढ्या चांगल्या कामाला निघालाय," म्हणाली आणि तळहातावर दही-साखर ठेवली. आमच्याकडे पोरं परीक्षेला निघोत नाही तर थोरले सोयरिकीला, दही-साखरेशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. मी ती खाल्ली, हात चाटला, देवाला नमस्कार केला आणि घोरावाडीहून लोकल पकडली.

लोणावळ्यात त्याच डॉक्टरणीने दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, कापसाने पुसली. सुई उचलता उचलता विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे! पाणीसुद्धा बेताने. निघताना हातावरची दही-साखर तेवढी."

तिने सुई खाली ठेवली. "आजोबा, साखर?"

"अहो, ती खाण्यात धरत नाहीत!"

"तुम्ही धरत नाही हो, पण रक्त धरतं," ती म्हणाली. पुष्कळ हुज्जत घातली मी. ती हसत होती, पण ऐकेना. शेवटी म्हणाली, "उद्या या. पण उद्याचा आमचा इथला शेवटचा दिवस आहे. उद्या काही झालं तर मात्र राहिलं."

घरी आलो तो तणतणतच. "तुझ्या दह्याने घात केला माझा!"

"आन् तोंडात घालताना तुमचं डोकं कुटं गेलतं?" बायको कमरेवर हात ठेवून उभी. "मी हातावर ठिवलं. चाटलं कुणी?" मग तिनेच फर्मान काढलं, "उद्या मी येती संगं. तुमचा काय भरवसा न्हाई."

दुसऱ्या दिवशी घरात चूलच पेटली नाही. मी म्हटलं, तू तरी चहा घे. तर म्हणते, "तुमी उपाशी आन् मी घोट घ्यू? गळ्याखाली उतरंल का?" घरापासून लोणावळ्यापर्यंत तिने माझ्यावर असा पहारा ठेवला की समोरून भेळवाला गेला तरी माझ्याकडे डोळे वटारायची.

आणि घेतलं की हो रक्त! एकदाचं! पण केवढंसं? बोटाएवढ्या नळ्या. मी म्हटलं, "अहो, एवढी वर्षं थांबलोय, बाटलीभर तरी घ्या." डॉक्टरीण म्हणाली, "संशोधनाला एवढंच लागतं, आजोबा. यातूनच पुढे कितीतरी माणसांच्या उपयोगाचं काही तरी सापडेल." मला इतका आनंद झाला की हातावरचा कापूस मी सगळ्यांना दाखवत बसलो.

तेवढ्यात तिने बायकोकडे पाहिलं. "आजी, तुमचं वय?"

"सत्तरी झाली की मागंच."

"आणि तुम्हीही उपाशीच?"

"व्हय. ह्येंच्यापायी."

"मग तुम्ही पण देता का?"

मीच घाईने मध्ये पडलो. सुई म्हटलं की हिला दरदरून घाम फुटतो. ताप आला तरी इंजेक्शन नको म्हणून काढा पिऊन पडते. मी म्हटलं, "नको नको, तिला झेपायचं नाही."

"तुमी गप बसा," म्हणत तिने पदर खोचला आणि खुर्चीत बसून हात पुढे केला. दुसऱ्या हाताने माझं मनगट असं आवळलं की माझीच शीर उभी राहिली. डोळे घट्ट मिटलेले, पण हात काही मागे घेतला नाही. नळ्या भरल्या.

डॉक्टरीण कापूस दाबत म्हणाली, "आजी, एवढी भीती वाटत होती, तर नाही म्हणायचं ना."

बायकोने डोळे उघडले. "त्या दोगांनाबी वाटलीच आसंल की," ती म्हणाली.

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली, कोण दोघं म्हणून. "थोरल्याच्या वेळी हिला रक्त दिलं त्यांनी," मी म्हटलं, "नावं आम्हालाही ठाऊक नाहीत."