मऊ आठवडा

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. चंद्रपूरकडचं गाव सोडून नाशकात येऊन आम्हाला तीनेक वर्षं झाली होती. हे सातपूरच्या एका कारखान्यात फिटर, आणि मी, चौथीतच शाळा सुटलेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचसामान धुवायला. जवळचं म्हणावं असं माणूस इथं कुणी नव्हतं.

एका सकाळी कामावरच यांना हार्ट अटॅक आला. लॅबसमोरच्या दवाखान्यात ठेवलं. तीन आठवडे खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या काळी तसंच असे.

दुसऱ्या दिवशी यांच्या अंगात कणकण आली. रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे कुठंतरी पू झालाय, एवढी विद्या मी काचा धुता धुता शिकले होते. यांच्या हृदयात पू झाला असंच मी धरलं आणि तिथंच मोरीपाशी रडायला लागले.

लॅबच्या ताई दिंडोरीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "पू कुठला आलाय? हात पूस आणि इकडे ये."

धुतलेल्या काचा हजार असतील, पण मायक्रोस्कोपला डोळा मी पहिल्यांदा लावला. फिकट गुलाबी चकत्यांची दाटी, आणि मधेमधे जांभळं काहीतरी, तीन-चार तुकडे दोऱ्यानं जोडावेत तसं.

"त्याच त्या पांढऱ्या पेशी, रंग दिला की जांभळ्या दिसतात. हृदयाचं जेवढं मांस मेलंय, तिथं अशा झुंडीनं धावल्यात. मेलेलं खाऊन जागा साफ करतात. मग त्या दुसऱ्या, मोठ्या पोटाच्या येतात. त्या राहिलेलं उचलतात, आणि भरणाऱ्या पेशींना कामाला लावतात. मग तिथं चिवट व्रण धरतो. ताप त्या कामाचाच."

"मग तीन आठवडे कशाला निजवायचं, ताई?"

"साफ लवकर होतं गं, भरायला वेळ लागतो. मधल्या दिवसांत ती जागा अगदी मऊ असते. एकदम जोर पडला तर फाटायची. दुखायचं थांबलं की माणसं उठतात, तिथंच फसतात."

मी पुन्हा डोळा लावला. बारक्या बारक्या, ना कुणी मुकादम, ना कुणाचा हुकूम, आणि कुठं जायचं ते ठाऊक! मी जन्मभर दुसऱ्यांची घाण काढलेली बाई. मला त्यांचं कौतुक कळत होतं. संध्याकाळी तीच काच माझ्या ट्रेमध्ये आली. मला ती धुववेना. ताई म्हणाल्या, "धू की. काम आत चाललंय, काचेवर नाही."

पाचव्या दिवसापासून यांचं सुरू झालं. "मले काही झालं नाही, घरी चाल. त्या ताईनं तुले डॉक्टर केलं का?" मी रोज जीव मुठीत धरून कामावर जायची.

आठव्या दिवशी सासरे आले. रात्रभर गाडीत बसून, काखेत गावच्या तांदळाचं गाठोडं. ते दारात दिसताच यांनी चादर फेकली. वडील आले म्हणजे उठून पाया पडायचं, आमच्याकडे त्याला आजारपणाचीही सूट नाही. एक पाय खाटेवरून खाली आलासुद्धा.

सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले, त्यांच्याकडे पाठ करून. "अजी, उठू नका! आत मऊ हाय अजून!"

डोक्यावरचा पदर कधी पडला, कळलंही नाही.

सासऱ्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "सुनेले आवाज हाय म्हणजे," ते म्हणाले. मग वाकून उजवा हात स्वतःच्याच पायांना लावला आणि तो यांच्या कपाळाला टेकवला. "पोचला तुझा नमस्कार. आता पडून राय." माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तू हटू नको, पोरी."

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी यांना उभं केलं. मी खांद्याखाली हात दिला. दोन पावलं, चार पावलं, खिडकीपर्यंत. माझी नजर यांच्या छातीवरून हलेना.

"काय पाहतेस वो?"

"काही नाही," मी म्हटलं. "आत धरलंय."